श, ब, म, न, क

ओझुर्गेतीत तक्ता एकच होता.
वर मोठा श, शेजारी ब,
खाली म, न, क.
रशियन अक्षरं, राज्य गेलं तरी भिंतीवर राहिलेली,
दिव्याच्या पेटीत पिवळी पडत चाललेली.
डॉक्टर अंझोर काठी टेकवायचे, माणसं म्हणायची,
आणि मी, दारेजान, खिडकीमागची बाई,
शिक्का मारायची.

सत्तावीस वर्षं.
गावाला तो तक्ता पाढ्यासारखा पाठ झाला.
बाहेरच्या बाकावर दोन-दोन तास बसून
माणसं करणार काय? दार उघडंच असायचं.
आतला म्हणू लागला की बाहेरचे ओठ हलायचे.
मला दिसायचे.
दहावी ओळ मला आजही झोपेत विचारा.

मग डॉक्टरांची एलिसो परत आली त्बिलिसीहून,
तीन खोकी आणि एक कर्जाचा कागद घेऊन.
आधी तिने बाक हलवला.
"मावशी, लोकांना वेळ देऊन बोलवू. रांग नको."
मी मनात म्हटलं, हेझलनट वेचायच्या दिवसांत
घड्याळ बघून कोण येणार?
आले.
उलट वीस मिनिटांत मोकळे झाले म्हणून
फसवल्यासारखे माझ्या खिडकीशी रेंगाळले.
फॉर्मची अक्षरं तिने मोठी केली.
"डोळ्यांच्या दवाखान्यात मुंगीएवढी अक्षरं,
ही कोणाची अक्कल?"
माझीच होती. गप्प बसले.

तक्ता उतरवला तेव्हा भिंतीवर
एक फिकट चौकोन उरला.
समोर पडदा आला. अक्षरं आमची, जॉर्जियन,
द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी,
आणि दर माणसाला वेगळी.

नोव्हेंबरात शालवा आला.
शाळेची बस चालवायचा. चष्मा कधीच नव्हता,
त्याचीच फुशारकी.
खुर्चीत बसला, हनुवटी वर केली,
एलिसोने बटण दाबायच्या आत
खणखणीत आवाजात सुरू झाला:
"श, ब. म, न, क."

पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं.

कोणी हसलं नाही.
एलिसोने विचारलं, "काका, आता काय दिसतंय?"
तो बराच वेळ बघत राहिला.
"उजेड," म्हणाला.

यंत्राने डोळ्याच्या आतला फोटो काढला.
नारिंगी गोल, त्यात नद्या,
आणि नद्या जिथून निघतात ती जागा
वाटीसारखी खोल गेलेली.
काचबिंदू.
उजव्या डोळ्यात मधला बोळ तेवढा उरलेला,
डाव्यात तोही धुरकट.
त्या बोळातून तो
एकोणीस पोरांना घेऊन रोज डोंगर उतरत होता.
संध्याकाळी मी त्याचं शेवटचं प्रमाणपत्र काढून पाहिलं.
शिक्का ठसठशीत.
माझ्या हाताला वळण चांगलं आहे.

बस गेली. दोन महिने तो
आमच्या दाराकडे न बघता रस्त्याने गेला.
थेंबांच्या बाटल्या मात्र नेल्या होत्या.
रात्री नऊला संगणक त्याला निरोप धाडतो:
थेंब घातले?
उत्तर माझ्या फोनवरही येतं. रोज तेच:
श ब म न क.
म्हणजे हो. कदाचित शिवीसुद्धा.
मी वहीत हो लिहायचे.

फेब्रुवारीत एकदा उत्तर आलं नाही.
सव्वानऊ. साडेनऊ.
यंत्राला काय, ते उद्या पुन्हा विचारेल.
मी कोट चढवला, टॉर्च घेतली, चढण चढले.
तो ओसरीवर, दोन्ही हातांत दोन बाटल्या.
"सकाळची कुठली, रात्रीची कुठली?
बारीक लिहिलंय," म्हणाला,
आणि पहिल्यांदाच आवाज खाली होता.

दुसऱ्या दिवशी एलिसोने रबर बँड आणले.
सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन.
तीन खोकी यंत्रं, आणि हे सुचायला
ती चढण चढावी लागली.

त्या रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी
उत्तर आलं, अर्धी अक्षरं चुकलेली:
घातले.
दुपारी अंगणातून चहाच्या तीन ओळी दिसल्या.
चौथी पाठ आहे.